जे दिसतंय आणि जे जाणलं जातंय : ग्रीक तात्त्विक शब्दांविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात ‘फिनॉमेनन’ आणि ‘नूमेनन’ या जोडीवर एक छोटं टिपण छापलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. ग्रीक शब्द जुन्या अथेन्सच्या उच्चाराला धरून देवनागरीत लिहिले आहेत. ग्रीकमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ ए-ओ वेगळे असतात, तो फरक देवनागरीत दाखवता येत नाही. या उत्तरांपुरतं त्यावाचून अडत नाही.

प्रश्न : ‘फिनॉमेनन म्हणजे दृश्य जग आणि नूमेनन म्हणजे वस्तू जशी स्वतः आहे तशी’ असं पाठ करून आम्ही बी. ए.ची परीक्षा दिली. पण या शब्दांचा शब्दशः अर्थ काय? ते घडले कसे?

परीक्षेतली व्याख्या अठराव्या शतकातला जर्मन तत्त्वज्ञ कांट याची आहे, शब्दांची नाही. हे दोन्ही शब्द मुळात नामंही नाहीत. ती धातुसाधितं आहेत, आणि ज्यानं शाळेत संस्कृत घेतलं होतं त्याला ती पाच मिनिटांत उलगडता येतात.

‘फाइनोमेनोन’ शेवटाकडून सोलत चला. शेवटचं ‘-ओन’ हा नपुंसकलिंगी एकवचनाचा प्रत्यय. संस्कृतात त्याच जागी ‘-अम्’ येतो. शब्दाच्या शेवटी आलेल्या ‘म्’चा ग्रीकमध्ये ‘न्’ होतो, म्हणून आपलं ‘युगम्’ तिकडे ‘झुगोन’ होतं. दोन्हींचा अर्थ जू. त्याआधीचं ‘-मेन-’ म्हणजे आपला ‘-मान’, पाणिनीचा शानच् प्रत्यय: वर्तमान, विद्यमान, यजमान, वर्धमान यांतला. त्याआधीचा ‘-ओ-’ हा जोडस्वर, संस्कृतातल्या ‘अ’सारखा. उरलं ‘फाइन्-’. हे ‘फान् + य्’ असं होतं. त्यातला ‘य्’ उडी मारून ‘न्’च्या आधी गेला आणि ‘इ’ झाला. आत खोलवर धातू आहे ‘फा’, प्रकाशणे. हाच संस्कृतातला ‘भा’. मूळ भाषेतल्या ‘भ’चा ग्रीकमध्ये नियमानं ‘फ’ होतो: भरामि-फेरो, भ्राता-फ्रातेर. प्रभा, आभा, भानु, प्रभात, भास हे सगळे याच घरातले.

म्हणजे फाइनोमेनोन आणि ‘भासमानम्’ यांची बांधणी जवळजवळ एकच आहे: धातू, जोडस्वर, मान, नपुंसकलिंग. अगदी एकच शब्द मात्र म्हणू नका. संस्कृतानं ‘भा’ला ‘स्’ जोडून भास् केला, ग्रीकनं ‘न्’ जोडून फान् केला. सख्खे नव्हेत, चुलत भाऊ.

आता अर्थ. ‘फाइनो’ म्हणजे मी उजेडात आणतो, दाखवतो. ‘फाइनोमाइ’ म्हणजे मी स्वतः उजेडात येतो, दिसतो. मराठीत दाखवणे आणि दिसणे अशी जोडी आहे, तशीच ही. संस्कृतात याला परस्मैपद आणि आत्मनेपद म्हणू, आणि शानच् आत्मनेपदालाच लागतो. त्यामुळे फाइनोमेनोन म्हणजे ‘जे स्वतःहून उजेडात येत आहे ते’, ‘जे दिसतंय ते’. वर्तमानकाळ महत्त्वाचा. दिसण्याची क्रिया चालू आहे, आणि दिसणं म्हटलं की कोणाला तरी दिसणं आलंच.

‘नोऊमेनोन’ तसंच सोला: नोए + ओ + मेन + ओन. ‘ए’ आणि ‘ओ’ शेजारी आले की अथेन्सच्या बोलीत त्यांचा ‘ऊ’ होतो. क्रियापद ‘नोएओ’, म्हणजे नूसनं (बुद्धीनं) जाणतो. ग्रीकमध्ये वर्तमानकाळात आत्मनेपद आणि कर्मणी यांची रूपं एकसारखीच असतात, त्यामुळे कुठलं घ्यायचं ते क्रियापदाच्या अर्थावरून ठरवावं लागतं. (संस्कृतात ही अडचण नाही, कर्मणीत ‘य’ घुसतो: दृश्यमान, क्रियमाण.) इथे कर्मणी आहे: ‘जे बुद्धीनं जाणलं जातंय ते’. उत्तरपत्रिकांत नूमेननचा अर्थ ‘विचार करणारं तत्त्व’ असा लिहिलेला सापडतो, तो या रूपाकडे न पाहिल्यामुळे. जाणणारा वेगळा, नोऊमेनोन हे जाणलं जाणारं.

प्रश्न : मग बुद्धिमान, गतिमान, अनुमान, विमान हेही शानच्‌वालेच का?

एकही नाही. बुद्धिमान, गतिमान, श्रीमान यांत ‘-मत्’ प्रत्यय आहे, ‘ते ज्याच्याजवळ आहे असा’ या अर्थाचा. तो नामाला लागतो. अनुमान आणि विमान यांत ‘मा’, मोजणे, हा धातू आहे. ओळखायची रीत सोपी: ‘मान’ काढल्यावर मागे क्रियापदाचं अंग उरलं (वर्त-, वर्ध-, भास-) आणि अर्थ ‘-त असलेला’ असा लागला, तर शानच्. मागे नाम उरलं, तर मत्. स्त्रीलिंग करून पाहिलं की खात्री पटते: बुद्धिमती, पण वर्तमाना.

प्रश्न : फाइनोमेनोन जर ‘भासमान’ असेल, तर फिनॉमेनन म्हणजे भास, आभास, माया असं म्हणायला काय हरकत? आमच्या वाचनगटात हेच भाषांतर रूढ आहे.

मोठी हरकत आहे. या भाषांतरानं मराठीत कांटचं जितकं नुकसान केलं, तितकं दुसऱ्या कशानं केलेलं नसेल.

आधी ग्रीक पाहू. ‘फाइनेताइ’ (दिसतो, दिसते) या क्रियापदापुढे दोन प्रकारची रूपं येऊ शकतात आणि त्यानुसार अर्थ उलटतो. पुढे धातुसाधित विशेषण आलं, ‘फाइनेताइ सोफोस ओन’, तर अर्थ होतो ‘तो शहाणा आहे हे उघड दिसतंय’. पुढे तुमन्तासारखं रूप आलं, ‘फाइनेताइ सोफोस एइनाइ’, तर ‘तो शहाणा असल्यासारखा दिसतो’, आणि प्रत्यक्षात असेल किंवा नसेल. व्याकरणाच्या कुठल्याही चांगल्या पुस्तकात हा नियम सापडेल. मराठीत ‘असल्याचं दिसतं’ आणि ‘असल्यासारखं दिसतं’ यांत जे अंतर आहे तेच हे. म्हणजे ग्रीक माणसाच्या कानाला फाइनोमाइमध्ये दोन्ही ऐकू येत: लख्ख प्रकटणं आणि नुसतं वाटणं. ‘भास’ शब्द घेतला की पहिला अर्थ मारला जातो. मराठीत ‘तुला भास झाला’ म्हणजे तिथे काही नव्हतंच.

ग्रीक वापरातही फाइनोमेना म्हणजे खोटं असं गृहीत नव्हतं. युक्लिडच्या एका ग्रंथाचं नावच ‘फाइनोमेना’ आहे, आणि त्यात ताऱ्यांच्या उदयास्तांची भूमिती आहे. खगोलाच्या विद्येत फाइनोमेना म्हणजे आकाशात जे दिसतं आणि ज्याचा हिशेब सिद्धान्तानं चुकता करायलाच हवा ते. अ‍ॅरिस्टॉटल तर निकोमाखियन नीतिशास्त्राच्या सातव्या भागाच्या आरंभी म्हणतो की आधी फाइनोमेना मांडावीत, मग अडचणी सोडवाव्यात. आणि तिथे मांडतो ती लोकांची रूढ मतं. ‘लोकांना जे असं दिसतं’ तेही फाइनोमेनोनच.

आता कांट. जर्मनमध्ये त्यानं दोन शब्द काटेकोरपणे वेगळे ठेवले: ‘एरशायनुंग’, म्हणजे जे आपल्याला दिसतं, आपल्यापुढे येतं, आणि ‘शाइन’, म्हणजे फसवा भास. एकाच ‘शाइनेन’ या क्रियापदाचे हे दोन फुटवे, त्यामुळे सरमिसळ व्हायची भीती त्याला होतीच. ‘शुद्ध बुद्धीची चिकित्सा’ या आपल्या ग्रंथाच्या 1787 सालच्या दुसऱ्या आवृत्तीत त्यानं मुद्दाम खुलासा घातला की वस्तू अवकाशात आणि काळात आपल्याला ‘दिसतात’ असं म्हणताना मी त्यांना भास म्हणत नाही. कांटच्या लेखी टेबल, दगड, ग्रह आणि अख्खं भौतिकशास्त्र एरशायनुंगच्या बाजूला आहे. त्याला ‘आभास’ म्हटलं की न्यूटनचे नियम दोरीवरच्या सापाच्या रांगेत जाऊन बसतात.

गोंधळाचं मूळ आपल्याकडेच आहे. शांकर परंपरेत सत्यतेच्या तीन पातळ्या आहेत: प्रातिभासिक, व्यावहारिक, पारमार्थिक. दोरीवर दिसलेला साप प्रातिभासिक, खरी दोरी व्यावहारिक. अध्यासाची (एका वस्तूवर दुसरीच वस्तू लादण्याची) शंकराचार्यांची व्याख्याही ‘अवभास’ शब्दावर उभी आहे: ‘स्मृतिरूपः परत्र पूर्वदृष्टावभासः’, म्हणजे आधी पाहिलेल्याचा दुसऱ्याच ठिकाणी आठवणीसारखा होणारा भास. त्यामुळे तत्त्वज्ञानाचं मराठी वाचणाऱ्याच्या मनात ‘भास’ म्हटलं की साप उभा राहतो. कांटचं फिनॉमेनन जवळ जातं ते व्यावहारिकाच्या, प्रातिभासिकाच्या नाही. तेही पूर्ण जुळत नाही, कारण व्यावहारिकाचा ब्रह्मज्ञानानं बाध होतो (ते खोटं ठरतं) आणि कांटकडे तसं कुठलंच ज्ञान माणसाला मिळत नाही.

मग म्हणायचं काय? कांटसाठी ‘इंद्रियगोचर वस्तू’ किंवा नुसतं ‘दृश्य’ चालेल. ग्रीक ग्रंथांसाठी सरळ ‘जे दिसतं ते’ लिहावं. मराठीला नपुंसकलिंग आहे आणि ‘जे… ते’ची सोय आहे, ग्रीक भाषा ‘तो’ हे नपुंसकलिंगी उपपद लावून जे साधते ते आपण याच सोयीनं साधतो. विज्ञानात ‘घटना’ ठीक आहे. ‘आभास’ मात्र फक्त शाइनसाठी राखून ठेवा.

प्रश्न : ‘नूस’ म्हणजेच आपलं ‘मन’ ना? उच्चारही जवळचा वाटतो. आणि ‘न्यूमिनस’ हा शब्द नूमेननवरूनच आला का?

दोन्हींचं उत्तर नाही.

‘मन’चा ग्रीक भाऊ आहे ‘मेनोस’. मनस् आणि मेनोस हे अक्षरशः एकच रूप आहे, दोन्ही नपुंसकलिंगी, दोन्ही सकारान्त. अर्थ मात्र दूर गेले: होमरच्या काव्यात मेनोस म्हणजे आवेश, अंगातला जोर. एक पुरावा तर आपल्या तोंडात रोज असतो. संस्कृत दुर्मनस्, ग्रीक ‘दुस्मेनेस’ (वैरभाव धरणारा) आणि इराणी ‘दुश्मनह्’ हे तिन्ही ‘वाईट मनाचा’ या एकाच जुन्या समासातून आले, आणि इराणी शब्द फारसीतून मराठीत ‘दुश्मन’ होऊन आला.

नूस (जुनं रूप नोओस) या शब्दाच्या मुळाबद्दल मात्र व्युत्पत्तिकारांत एकमत नाही. त्याला संस्कृत भाऊबंद लावून दिलेला कुठेही वाचलात तर सावध राहा.

मूळ निश्चित नसलं तरी वापर स्पष्ट आहे, आणि तो पाहण्यासारखा आहे. ओडिसीच्या सतराव्या सर्गात ओडिसियस वीस वर्षांनी भिकाऱ्याच्या वेषात घरी येतो. दारात शेणखताच्या ढिगावर त्याचा म्हातारा कुत्रा आर्गोस पडलेला असतो, अंगभर गोचिड्या. घरातली माणसं धन्याला ओळखत नाहीत. आर्गोसला तो जवळ असल्याचं कळतं, तो शेपूट हलवतो, कान पाडतो. जवळ जायची ताकद मात्र उरलेली नसते. या ‘कळतं’साठी होमरनं वापरलेलं क्रियापद आहे ‘एनोएसेन’, म्हणजे नोएओचा भूतकाळ. कर्ता कुत्रा! तेव्हा नोएओ म्हणजे पायरी-पायरीनं तर्क करणं नव्हे. समोरच्या रूपाआड खरं काय आहे ते एका झटक्यात लक्षात येणं, उमगणं. प्लेटो आणि अ‍ॅरिस्टॉटल नूसला बुद्धीची सर्वांत वरची, थेट पकडणारी शक्ती मानतात, त्याची बीजं या वापरात आहेत. तर्क करत जाण्यासाठी त्यांच्याकडे ‘दिआनोइया’ असा वेगळा शब्द आहे. त्यातलं ‘दिआ’ म्हणजे मधून, आरपार.

‘न्यूमिनस’ लॅटिन ‘नूमेन’वरून आला. नूमेन म्हणजे मान हलवून दिलेली संमती, त्यावरून देवाची इच्छा, दैवी सत्ता. त्याचा धातू लॅटिनमधला ‘मान डोलावणे’ या अर्थाचा. रुडॉल्फ ओटोनं 1917 साली त्यावरून जर्मनमध्ये ‘नुमिनोस’ हा शब्द घडवला, पवित्रतेच्या अनुभवातल्या भय आणि ओढ यांसाठी. नूमेननशी त्याचं नातं फक्त उच्चाराचं आहे.

प्रश्न : ज्ञान, वेद, विद्या यांची ग्रीक नाती खरी आहेत का? समाजमाध्यमांवर रोज नवी यादी फिरते.

ही दोन खरी आहेत. ज्ञा आणि ग्रीक ‘ग्नो’: ज्ञान, ग्नोसिस, आणि आपलं जाणणं. दुसरं संस्कृत विद् आणि ग्रीक ‘विद्’ (ग्रीकनं पुढे सुरुवातीचा ‘व’ गमावला). यातलं सुंदर काय, तर ग्रीक ‘ओइदा’ हे रूपानं परोक्ष भूतकाळाचं आहे, ‘मी पाहिलंय’, आणि अर्थानं वर्तमानकाळाचं, ‘मला माहीत आहे’. संस्कृतातलं ‘वेद’ (तो जाणतो) हेही तसंच, आणि दोन्हींत द्वित्व (धातूचं पहिलं अक्षर दोनदा येणं) नाही. अनेकवचनात संस्कृत ‘विद्म’, होमरकडे ‘इद्मेन’. ज्यानं पाहिलं त्याला ठाऊक. याच धातूवरून ‘एइदोस’ आणि ‘इदेआ’, म्हणजे दिसणारं रूप. प्लेटो ज्या इदेआ डोळ्यांनी दिसत नाहीत, नूसनंच कळतात असं सांगतो, त्यांचं नाव पाहण्यावरूनच आलेलं आहे.

यादी तपासायची असेल तर तीन गोष्टी करा. दोन्ही शब्दांची सर्वांत जुनी रूपं घ्या, आजचे उच्चार नकोत. मग एकेक ध्वनी जुळवा आणि तोच बदल आणखी चार शब्दांत दिसतो का पाहा. एकाच जोडीसाठी केलेला नियम हा नियम नसतो. शेवटी प्रत्यय जुळतात का ते बघा. ‘थेओस’ (ग्रीकमध्ये देव) आणि ‘देव’ ध्वनींच्या परीक्षेतच नापास होतात: संस्कृत द ग्रीकमध्ये द राहतो (दश-देका), थ होत नाही. देवाचा खरा नातलग झ्यूस आहे, षष्ठीत ‘दिओस’.

आणि एक जुना सापळा. प्लेटोच्या ‘क्रॅटिलस’ संवादात सॉक्रेटिस नोएसिसची (जाणण्याची क्रिया) फोड ‘नेऊ हेसिस’, नव्याची ओढ, अशी करतो आणि दोक्साचा (मत) संबंध बाणाच्या धनुष्याशी लावतो. त्या संवादाचा प्रश्नच नावं वस्तूंना स्वभावतः चिकटतात का हा आहे. त्यातल्या फोडी आज कोशातल्या व्युत्पत्ती म्हणून उद्धृत करू नयेत.

प्रश्न : नोएसिस, नोएमा, नोएतोन, नोऊमेनोन. हुसर्ल वाचताना चारही एकात एक गुंततात. लक्षात ठेवायची युक्ती?

प्रत्यय धरा, धातू सोडून द्या.

‘-सिस’ म्हणजे क्रिया. हा संस्कृतातला ‘-ति’: गति आणि ‘बासिस’ हे एकाच मूळ शब्दाचे वंशज आहेत, दोन्ही ‘जाण्या’पासूनचे. नोएसिस = जाणण्याची क्रिया. ‘-मा’ म्हणजे क्रियेतून जे निष्पन्न होतं किंवा क्रियेचा जो विषय असतो ते. हा संस्कृतातला ‘-मन्’: नामन् आणि ‘ओनोमा’. नोएमा = जाणण्यातला विषय, जसा जाणला तसा. ‘-तोन’ म्हणजे संस्कृतातला ‘-त’ (श्रुत, ग्रीक ‘क्लुतोस’), पण ग्रीकमध्ये त्याला ‘करता येण्याजोगं’ अशीही छटा आली. नोएतोन = बुद्धिगम्य. नोऊमेनोन वर आलंच: या क्षणी जाणलं जात असलेलं.

जर्मन तत्त्वज्ञ हुसर्लनं 1913 साली नोएसिस-नोएमा ही जोडी पारिभाषिक केली. समोरच्या आंब्याच्या झाडाकडे पाहा. पाहणं, आठवणं, त्याच्याबद्दल शंका घेणं या नोएसिस. ‘पाहिलेलं झाड जसं पाहिलं तसं’ हा नोएमा. झाड जळून जाईल, नोएमा जळत नाही, असं त्यानं झाडाच्याच उदाहरणानं सांगितलं आहे. चूक होते ती नोएमाला मनातलं चित्र समजल्यामुळे. ते हुसर्लला मान्य नव्हतं.

प्रश्न : ‘दोक्सा’चं भाषांतर कुठे मत, कुठे भ्रम, तर चर्चच्या मजकुरात चक्क ‘महिमा’ असं दिसतं. हे कसं?

क्रियापद ‘दोकेओ’, वाटणे. आणि त्याचा वापर मराठी माणसाला शिकवावाच लागत नाही. ‘दोकेइ मोइ’ म्हणजे ‘मला वाटतं’: वाटणारी गोष्ट कर्ता, ज्याला वाटतं तो चतुर्थीत. इंग्रजीत ‘मी विचार करतो’ म्हणून कर्ता पुढे सरसावतो. ग्रीक आणि मराठीत मत माझ्याकडे चालत येतं. (‘मोइ’ आणि संस्कृतातलं ‘मे’ ही एकच गोष्ट.) इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकातले अथेन्सच्या सभेचे ठराव संगमरवरावर कोरलेले सापडतात. त्यांत ठरावाचा ठराविक मायना असा: ‘एदोक्सेन तेइ बूलेइ काइ तोइ देमोइ’, म्हणजे मंडळाला आणि लोकांना असं वाटलं. पहिला ‘ए-’ हा संस्कृत अभवत्-मधल्या ‘अ’चा भाऊ. इथे ‘वाटलं’ म्हणजे ‘ठरलं’. भ्रमाचा संबंध नाही.

नाम झालं दोक्सा, आणि त्याला दोन तोंडं होती. मला जे वाटतं ते माझं मत. लोकांना माझ्याबद्दल जे वाटतं ती माझी कीर्ती. पार्मेनिदेस आणि प्लेटो यांनी पहिला अर्थ सत्याच्या आणि पक्क्या ज्ञानाच्या विरुद्ध बाजूला उभा केला, म्हणून काही भाषांतरांत तो ‘भ्रम’पर्यंत घसरतो. ‘मत’ पुरेसं आहे. प्लेटोच्याच म्हणण्याप्रमाणे दोक्सा खरंही असू शकतं. दुसरा अर्थ हिब्रू शास्त्राच्या ग्रीक भाषांतरात देवाच्या तेजासाठी, ‘काबोद’साठी, वापरला गेला आणि तिथून चर्चमध्ये गेला. म्हणून ऑर्थोडॉक्समध्ये ‘सरळ मत’ आहे आणि डॉक्सॉलॉजीत ‘महिमा’.

प्रश्न : फाइनोमेना आणि नोऊमेना ही जोडी प्लेटोची की कांटची?

प्लेटोची जोडी थोडी वेगळी आहे. रिपब्लिकच्या सहाव्या भागात सूर्याचा दृष्टान्त देताना तो ‘होरोमेना’ (पाहिली जाणारी) आणि नोऊमेना असं म्हणतो. फाइनोमेना आणि नोऊमेना नेमकी समोरासमोर उभी करणारा लेखक म्हणजे संशयवादी तत्त्वज्ञ सेक्स्टस एम्पिरिकस. त्याच्या मते संशयवाद म्हणजे दिसणाऱ्या आणि विचारल्या जाणाऱ्या गोष्टी एकमेकींसमोर उभ्या करण्याची हातोटी. त्यानं दिलेलं उदाहरण अनाक्सागोरास या जुन्या ग्रीक तत्त्वज्ञाचं: बर्फ पांढरं दिसतं. पण बर्फ म्हणजे गोठलेलं पाणी, पाणी काळं, म्हणून बर्फ काळं. डोळे एक सांगतात, युक्तिवाद दुसरं.

कांटनं ही जोडी 1770च्या लॅटिन प्रबंधात घेतली आणि इंद्रियांचा विषय तो फिनॉमेनन, बुद्धीचा विषय तो नूमेनन, असं प्राचीनांच्या शाळांत म्हणत, असं तिथे नोंदवलं. 1781 साली ‘शुद्ध बुद्धीची चिकित्सा’ची पहिली आवृत्ती येईपर्यंत त्याचं मत बदललं. आता नूमेनन म्हणजे आपल्या जाणण्याची हद्द दाखवणारी कल्पना; दुसऱ्या आवृत्तीत तो स्पष्ट करतो की ती फक्त नकारात्मक अर्थानं घ्यायची, ‘आपल्या इंद्रियानुभवाचा विषय नसलेलं’ एवढ्यापुरती. म्हणजे ज्या शब्दाचा अर्थच ‘जाणलं जातंय ते’, तो जे माणसाला जाणता येत नाही त्याचं नाव झाला. शोपेनहाउअरनं कांटवरच्या परिशिष्टात या बदलावर टीका केली आहे, आणि शब्दापुरती ती रास्त आहे. विचारापुरतं पाहिलं तर कांटचा हा बदल ग्रीक अर्थाची मोडतोड न मानता त्याच्याशी घातलेला वाद मानावा, हे आमचं मत.

प्रश्न : ‘फॅन्टसी’ही फाइनोमेनोनच्या घरातलीच का?

हो. ‘फान्तासिया’ हे फान् धातूवरूनच. अ‍ॅरिस्टॉटलनं ‘आत्म्याविषयी’च्या तिसऱ्या भागात तिचा संबंध ‘फाओस’, उजेड, याच्याशी लावला आहे: दृष्टी हे मुख्य इंद्रिय आणि उजेडाशिवाय पाहता येत नाही, म्हणून हे नाव. यावेळी जुन्या माणसाची व्युत्पत्ती बरोबर निघाली. पण तिचा अर्थ ‘मनोराज्य’ फार नंतरचा. स्टोइक मंडळींकडे फान्तासिया म्हणजे वस्तूचा मनावर उमटलेला ठसा, आणि काही ठसे इतके पक्के की ते ज्ञानाचा आधार होतात. स्टोइक पंथाचा संस्थापक झेनो हे हातानं दाखवत असे, असं सिसेरो सांगतो. बोटं पसरलेला उघडा पंजा: ठसा. बोटं किंचित वळवली: संमती. मूठ आवळली: आकलन. मग डावा हात आणून त्या मुठीवर घट्ट दाबला: ज्ञान. वर्गात शिकवत असाल तर हे करून दाखवा.

प्रश्न : मराठीत ‘फिनॉमिना’ लिहावं की ‘फिनॉमेनन’? आणि ‘फिनॉमिनाज’?

एक असेल तर फिनॉमेनन, अनेक असतील तर फिनॉमिना. ‘-आ’ हा नपुंसकलिंगी अनेकवचनाचा प्रत्यय आहे (वैदिक भाषेतही ‘युगम्’चं अनेकवचन ‘युगा’ होई), त्यामुळे त्याला पुन्हा ‘ज’ लावू नये आणि ‘एक फिनॉमिना’ही लिहू नये. ग्रीक रूप उद्धृत करायचं असेल तर फाइनोमेनोन, फाइनोमेना. त्यातला ‘फ’ ओठ मिटून, ‘फळ’मधला जुन्या पद्धतीनं म्हणतात तसा, दातांवर ओठ टेकवून येणारा उच्चार ग्रीकमध्ये नंतर आला.